टॉवर तर ठीक होता

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला नाही — शेवटच्या आजारात तिच्या उशाशी तीन दिवस बसून होते, तेव्हाही नाही. सांगण्यासारखं आहे काय त्यात, असं मी स्वतःला म्हणत आले. एक तपासणी राहून गेली, एक वाक्य तोंडून गेलं. एवढंच. पण एवढंच असतं, तर आठ वर्षांनीसुद्धा कुणाचा फोन लागला नाही की मी हातातलं काम टाकून का उभी राहते?

तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. बहुतेक तेच कारण असावं.

मी जबलपूरची. बाबा भंडाऱ्याहून नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, असं आमचं सगळं आयुष्य. मी इथेच इंजिनिअर झाले आणि शहरातल्याच रिछाई भागातल्या एका लहानशा कारखान्यात लागले. आम्ही रेडिओ यंत्रणांसाठी फिल्टर बनवायचो. मालक दुबेजी, हाताखाली तीस-पस्तीस माणसं, आणि डिझाइन विभागात बाई अशी मी एकटी.

फिल्टर म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. मोबाइलचा टॉवर दोन कामं करतो — बोलतो आणि ऐकतो. तुमच्या फोनचा सिग्नल त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर अगदी क्षीण झालेला असतो, आणि भोवती दुसऱ्या लहरींचा नुसता गलका. त्या गलक्यातून तुमचा तेवढा आत घ्यायचा, बाकीचा बाहेर ठेवायचा, हे काम फिल्टरचं. साधा फिल्टर गलका अडवता अडवता तुमच्या आवाजातलाही थोडा खातो. सुपरकंडक्टरचा, म्हणजे अतिथंडीत विजेला अडवतच नाही अशा पदार्थाचा फिल्टर जवळजवळ काहीच खात नाही. मात्र तो सतत उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो. तापमान चढलं, की तो फिल्टर राहत नाही, भिंत होतो. टॉवर बहिरा होतो.

बहिरा होतो — मुका नाही. लोकांना हेच माहीत नसतं. टॉवर बोलतच राहतो, म्हणून तुमच्या फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात. तुम्ही नंबर लावता, आणि तो लागत नाही. पुन्हा लावता. रेघा तर पूर्ण आहेत, मग आता लागेलच, असं वाटत राहतं.

असा फिल्टर आपल्याकडे बनवायचा, हे वेड दुबेजींचं. ते माझ्या हाती दिलं, आणि मग ते माझंच झालं. दोन वर्षं गेली त्यात. आगपेटीएवढ्या चकतीवर सुपरकंडक्टरचा पातळ थर, त्यावर कोरलेली नागमोडी वळणं, वर नीलमच्या टोकांचे बारीक स्क्रू. स्क्रू केसभर फिरवला की पडद्यावरचा आलेख — कोणती लहर आत आली, कोणती अडली ते दाखवणारा — हलायचा. जोडणीचं काम वासनिककाकांकडे होतं. बाबांच्याच गावाकडचे, पन्नाशी उलटलेले, हात असे स्थिर की चहाचा कप धरला तरी चहा हलायचा नाही. आमचे डबे एकत्र उघडायचे. त्यांच्या डब्यातली वांग्याची भाजी माझी, माझ्यातलं लोणचं त्यांचं, असं ठरलेलंच होतं.

आणि एके दिवशी तो आलेख जमला. माथा सपाट, दोन्ही कडा सरळ खाली उतरलेल्या. पुस्तकात काढतात तसा. मी तो कागदावर छापून घेतला आणि घरी नेला. नवऱ्याला दाखवला, तो म्हणाला, अच्छा, छान आहे. त्याला काय कळणार होतं त्यातलं? मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. इतकं सुंदर माझ्या हातून याआधी काही झालं नव्हतं. पोटच्या मुलांविषयीसुद्धा मला इतका अभिमान वाटला होता का — हे विचारायची मला अजून भीती वाटते.

जबलपूरबाहेर, शहपुऱ्याच्या पुढे, मटारच्या शेतांमध्ये एक टॉवर होता. तिथे तो चाचणीसाठी बसवायचं ठरलं. बसवण्याआधी तपासण्यांची यादी असते. त्यातली शेवटची बायपासची. थंड करणारं यंत्र बंद पडलंच, तर सिग्नल आपोआप बाजूच्या साध्या फिल्टरकडे वळला पाहिजे, म्हणजे टॉवर ऐकत राहतो. ते पाहायचं तर यंत्र मुद्दाम बंद करायचं, फिल्टर खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, आणि मग पुन्हा थंड करायचा.

पण गरम होऊन पुन्हा थंड झाला की आलेख सरकतो. फार नाही, जरासा. माथ्यावर एखादा उंचवटा येतो, एक कड कलते. पुन्हा स्क्रू घेऊन बसावं लागतं, आणि पुन्हा तसाच जमेल याची खात्री कोणी द्यायची? दोन दिवसांनी पाहुणे यायचे होते — मोबाइल कंपनीचे मोठे साहेब. त्यांना मला तो आलेख दाखवायचा होता. तोच. तसाच.

मी ती तपासणी केली नाही. रकान्यात लिहिलं — योग्य. खाली सही केली.

त्याच संध्याकाळी फिल्टरचा खोका बंद करताना वासनिककाकांनी विचारलं, "मॅडम, गरम करून पाह्यलं न?"

"हो काका. काल केलं."

ते थोडा वेळ स्क्रू-ड्रायव्हरशी खेळत उभे राहिले. "मी तं काल इथंच होतो दिवसभर. दिसलं नाही, म्हणून विचारून राह्यलो." मी कागदांमधून मान वर केली नाही. मग ते म्हणाले, "बरं जी." आणि खोका बंद केला.

साहेब आले, आलेख पाहिला, दुबेजींच्या पाठीवर थाप मारली. फिल्टर टॉवरवर बसला. दोन महिने उत्तम चालला. दूरदूरच्या वाड्यांवरचे फोन लागायला लागले, आवाज स्वच्छ यायला लागला. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर त्याचं तापमान एका सरळ रेघेत दिसायचं. ती रेघ पाहत पाहत मी चहा प्यायची.

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी ती रेघ वर चढायला लागली.

तिकडे वीज खालीवर झाली होती, थंड करणारं यंत्र बंद पडलं होतं. मी पाहिलं. घाबरले का? नाही. बायपास आहे, असं म्हटलं. ऐका — मला माहीत होतं की मी तो तपासलेला नाही, आणि तरीही मी म्हटलं, बायपास आहे. सही केली होती ना मी. आपल्याच खोट्यावर माणूस इतका विश्वास ठेवू शकतो? मी ठेवला. तासभर दुसरं काम करत बसले. नंतर सहज टॉवरवरच्या फोनचा हिशेब उघडला, तर गेल्या तासात एकही फोन नाही. मटार तोडणीच्या दिवसांत, भर सकाळी, एकही नाही.

टॉवरची देखरेख करायला पटेल भैया म्हणून तिथलाच एक माणूस होता. त्याला फोन लावला. लागेना. लागणार कसा? त्याचा फोन त्याच टॉवरवर.

मी आणि वासनिककाका गाडी काढून निघालो. रस्त्यात मटारच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या, त्यांच्यामागून सरकत सरकत. पोचलो, खोका उघडला, आणि त्यांनी बायपासच्या रिलेकडे, सिग्नल वळवणाऱ्या स्विचकडे, बोट केलं. दोन तारा उलट जोडलेल्या. त्यांनी खिशातून जोडणीचा नकाशा काढून उलगडला. नकाशातही उलट्याच होत्या. नकाशा माझा होता. एकदा, फक्त एकदा गरम करून पाहिलं असतं, तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं.

त्यांनी तारा बदलल्या. त्याच क्षणी टॉवरला ऐकू यायला लागलं. एकूण तीन तास गेले होते.

"काहून नाही केली जी तपासणी?" एवढंच त्यांनी विचारलं. रागावून नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

तेवढ्यात पटेल भैया आला, क्या हुआ मॅडम म्हणाला, आणि मी हसून म्हटलं, कुछ नहीं भैया, साफसफाई. ऑफिसात आल्यावर नोंद केली — देखभालीसाठी तीन तास बंद. म्हणजे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

इथपर्यंत जे सांगितलं ते मी कधीतरी, कुणालातरी सांगू शकले असते. इंजिनिअरांच्या हातून असं होतं, आणि एकमेकांत ते बोललंही जातं. पुढचं नाही.

दहा-बारा दिवसांनी मी पुन्हा तिकडे गेले. टॉवरभोवती चालत चालत सिग्नल मोजायचा होता. पटेल भैया सोबत होता. एका शेतातल्या घरापाशी तो थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, उस दिन आप आई थीं ना... उसी दिन इस घर का लड़का चला गया." लड़का म्हणजे हरिओम. तिशीचा. बांधावरून ट्रॉली उलटली आणि त्याचा पाय मांडीपासून तिच्याखाली आला. घरची सगळी माल घेऊन मंडीत गेलेली. जवळ फक्त बायको, ममता, आणि तीन वर्षांची मुलगी. रक्त थांबेना. पटेल म्हणाला, बायको फोन घेऊन तिथेच बसून राहिली म्हणतात, कुणाला बोलावलंच नाही.

मी त्याला वेळ विचारली. त्याने सांगितली — त्याच तीन तासांतली.

तिथून परत फिरता आलं असतं. पण हरिओमच्या आईने अंगणातून पाहिलं, पटेलला ओळखलं आणि बोलावलं. कुणी भेटायला आलं आहे असं तिला वाटलं असेल. घरात अजून माणसं येतच होती. मी आत गेले. मला खाटेवर बसवलं, चहा आला. हरिओमचा मोठा भाऊ दाराला टेकून उभा. भिंतीशी, जमिनीवर, पदर ओढून एक बारीकशी पोरगी बसलेली. तेवीस-चोवीसची असेल. ती ममता.

सासूने सगळं सांगितलं. रडत नव्हती, रडून झालं होतं तिचं. शेवटी भिंतीकडे न बघता म्हणाली, "पढ़ी-लिखी लाए थे. एक फोन ना लगा पाई."

मोठा भाऊ म्हणाला, पक्की सडक पाव कोसावर. धावत गेली असती तर दहा मिनिटांत कुणीतरी मिळालं असतं. गई क्यों नहीं? त्यांना नेमकं हेच समजत नव्हतं. ती का धावली नाही? नवऱ्याला मरताना बघत का बसली? आणि न समजणाऱ्या गोष्टीत माणसं काय काय भरतात, ते त्या खोलीत मला दिसत होतं.

मला मात्र समजत होतं. त्या खोलीत एकटीला मला समजत होतं. ती धावली नाही, कारण फोनवर रेघा पूर्ण होत्या. आता लागेल. आता लागेल. रक्त वाहत्या माणसाला सोडून कोण धावेल, हातात भरल्या रेघांचा फोन असताना?

पटेलने तेवढ्यात माझी ओळख करून दिली — टावर वाली मॅडम हैं. आणि ममताने मान वर केली.

ती उठली, कोनाड्यातून फोन आणला आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. फोन चार्ज करून ठेवलेला होता. तिने लावलेल्या फोनांची यादी उघडली. तेच दोन नंबर, ओळीखाली ओळ. ॲम्ब्युलन्सचा. मग मोठ्या दिराचा, मग पुन्हा ॲम्ब्युलन्सचा. किती होते? मी मोजले नाहीत. मला मोजवले नाहीत.

"दीदी, आप तो जानती हैं ना," ती म्हणाली, "आप ही देख के बता दीजिए इनको. मैंने नंबर ठीक लगाया था ना?"

"नंबर ठीक है," मी म्हटलं.

"तो फिर लगा क्यों नहीं?" हे दाराशी उभ्या असलेल्या भावाने विचारलं. मला विचारलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. ती तर अशी पाहत होती — नाही, ते मी सांगणार नाही. ते सांगून मला तुमच्याकडून काही मिळवायचं नाही.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नोकरी? पोलीस? दुबेजी? असेल, तेही असेल. पण खरं सांगू? माझ्या डोळ्यांपुढे तो आलेख होता. लोक म्हणतील, तिचा फिल्टर — तोच ना, ज्याने माणूस मेला.

मी म्हटलं, "टावर तो ठीक था."

चार शब्द. आवाज कापला नाही माझा. इंजिनिअरचा आवाज होता तो.

मोठा भाऊ फक्त म्हणाला, "सुन लिया?" ममताने फोन परत घेतला. तिने माझ्याशी वाद घातला नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की जणू तिचीच खात्री गेली. आपणच काही चुकीचं दाबलं असेल. आपल्याच हातून झालं असेल. माझं ऐकून तिने ते मानलं, कारण मी शिकलेली होते, बाई होते, टॉवरवाली होते. मी चहा संपवला. हो, संपवला. उठताना सासूने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या सकाळी गावात दुसऱ्यांचेही फोन लागले नव्हते. कोणीतरी ते बोललंही होतं म्हणे. पण माझ्यानंतर कुणी बोललं नाही. पटेलनेच पुढे सांगितलं. तेरावं झाल्यावर ममताला माहेरी, जबलपूरजवळच्या पाटणला पाठवलं. मुलगी ठेवून घेतली. ज्या बाईला नवरा वाचवता आला नाही, तिच्या हाती पोर कशी द्यायची, असं म्हणाले.

वासनिककाकांना मी यातलं काही बोलले नाही. पण पटेल त्यांनाही ओळखत होता, तेव्हा त्यांना कळलंच असणार. एके दिवशी दुपारी ते डबा घेऊन पॅकिंगच्या खोलीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तिकडेच. मग रोजच. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना हात जोडले, मलाही जोडले.

आणि तो फिल्टर? वर्षभरात चाचणी गुंडाळली. एवढं थंड ठेवण्याची कटकट खेड्यापाड्यात कोण करणार, म्हणून साधेच फिल्टर परत लागले. माझा काढून आणला.

तीन वर्षांमागे मी पाटणला गेले. एकटी. तिला शोधायलाच गेले होते, सांगायलाच गेले होते — निदान बसमध्ये बसताना तसंच होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत ती एका लहानशा दुकानात शिवणयंत्रावर बसलेली सापडली. तिने मला लगेच ओळखलं. "अरे, टावर वाली दीदी!" म्हणाली आणि स्टूल पुसून दिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असायला काय कारण? तिच्या लेखी मी खरं बोलणारी बाई.

मी मुलीचं विचारलं. दुसरीत आहे म्हणाली. वर्षातून एकदा, राखीच्या सुमारास, भेटू देतात. मग दोरा दाताने तोडत, अगदी सहज म्हणाली, "मुझे मम्मी नहीं बोलती. सब जैसे बोलते हैं वैसे ही बोलती है — पाटन वाली."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि म्हटलं, एक ब्लाउज शिवायचं होतं.

तिने माप घेतलं. माझ्या दंडाभोवती फीत धरताना तिची बोटं गार होती. पुढच्या आठवड्यात जाऊन मी ब्लाउज घेऊन आले. उत्तम बसलं. पुन्हा गेले नाही.

वासनिककाका गेल्या वर्षी वारले. दुबेजींचं लक्ष आता दुसऱ्या धंद्यात आहे. तपासणीचे ते कागद कधीच रद्दीत गेले. म्हणजे खरं काय ते जाणणारी आता मी एकटी उरले आहे, आणि बाहेरून मला कुणाचंही भय नाही. पाटण इथून तासाभराच्या रस्त्यावर आहे. रोज बस जाते. मी गेलेले नाही.

त्याऐवजी हे लिहून काढलं. सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. पण लिहिलं ते मराठीत. ममताला मराठी समजत नाही.